एलुल महिना आणि माफीचं मागणं

नमस्कार आणि शालोम, मंडळी.

एलुल, म्हणजे ज्यू नववर्षाच्या आधीचा महिना, लागला की आपल्या सिनेगॉगमध्ये, आपल्या प्रार्थनागृहात, पहाटे चारच्या सुमाराला दिवे लागतात. पुढच्या बाकांवर म्हातारी मंडळी, मागे डोळे चोळत बसलेली नातवंडं. प्रार्थना म्हणवून घेणारा हज्जान सुरू करतो, ‘बेन आदाम, मा लेखा निर्दाम’. माणसा, झोपलास काय, ऊठ, विनवणी कर. अश्केनाझी, म्हणजे युरोपातल्या परंपरेचे ज्यू, सेलिहोतला, या माफीच्या प्रार्थनांना, रोश हशानाच्या, म्हणजे नववर्षाच्या, तोंडावर बसतात. आपण सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या ज्यूंची, रीत पाळतो, म्हणून आपलं पहाटेचं उठणं एलुलच्या सुरुवातीपासून योम किप्पूरपर्यंत, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसापर्यंत, जवळजवळ चाळीस दिवस चालतं.

कोकणातल्या आपल्या बेने इस्राएल पूर्वजांना यातली एकही प्रार्थना ठाऊक नव्हती. हिब्रू विसरली होती, ओठांवर ‘शमा’, देव एकच आहे असं सांगणारा मंत्र, तेवढा उरला होता. तरी योम किप्पूरचा उपास त्यांनी सोडला नाही. पांढरे कपडे घालायचे, दार लावून घ्यायचं आणि दिवसभर घरात राहायचं. म्हणून आपल्याकडे त्याचं नाव दारफाळणीचा सण. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दार उघडून गरिबाला दान द्यायचं, नातेवाइकांना भेटायला जायचं. पुढे १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत आपलं पहिलं सिनेगॉग बांधलं. आज त्याला शाआर हारहमीम म्हणतात, म्हणजे दयेचं दार. दाराशी आपलं नातं असं जुनं आहे.

पण मला आज बोलायचंय ते सेलिहोतमधल्या एका शब्दाबद्दल. ‘अशाम्नू, बागाद्नू, गाझाल्नू’ असं म्हणत आपण छातीवर मूठ मारतो. आम्ही दोषी झालो, आम्ही विश्वासघात केला, आम्ही लुबाडलं. हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमानं एकेक पाप येतं आणि सगळीकडे ‘आम्ही’. एकानं दुसऱ्याचं ओझं उचलावं म्हणून ते तसं आहे, आणि ते फार मोलाचं आहे. मी मात्र त्या ‘आम्ही’च्या आड बरीच वर्षं लपलो.

अलिबागजवळचं वडिलांचं घर विकायला मी गेलो होतो. दादाला प्रवास झेपत नव्हता. पैसे आले, त्यातून मी ‘खर्च’ म्हणून जी रक्कम कापली तेवढा खर्च झालाच नव्हता. दादानं कागद बघितला, घडी घालून खिशात ठेवला. भांडला नाही. नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशानाला, आमच्याकडे यायचा तेवढा थांबला. नऊ वर्षं मी ‘गाझाल्नू’ म्हणत मूठ मारली आणि त्याच्या घरी गेलो नाही.

मिश्ना या आपल्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात, योमा भागात, स्वच्छ सांगितलंय. माणूस आणि देव यांच्यातलं पाप योम किप्पूरनं फिटतं. माणसा-माणसातलं पाप, ज्याचा अपराध केला त्याची समजूत काढल्याशिवाय फिटत नाही. मध्ययुगातले मोठे धर्मपंडित रामबाम त्यापुढे जातात. पैसे परत केले तरी माफी मागायचीच. समोरचा ऐकत नसेल तर तीन जणांना घेऊन जा, पुन्हा जा, तिसऱ्यांदा जा. आणि ज्याच्याकडे माफी मागितली जातेय त्यालाही सांगतात, निष्ठुर होऊ नकोस.

मी एकदाही गेलो नाही आणि दादा गेला.

त्यावरही रामबामनी सांगून ठेवलंय. दहा माणसं घेऊन कबरीवर जायचं आणि काय केलं ते त्यांच्यासमोर बोलायचं. सेलिहोतमधले देवाच्या दयेचे तेरा गुण म्हणायलाही दहाच माणसं लागतात. सेलिहोतला येणाऱ्यांतलेच नऊ जण आणि दादाचा थोरला मुलगा, असे दहा जण मी नेले. ऊन चढलं होतं. कुणीतरी दगडावरची वाळू हातानं झटकली. मी हिब्रूत सुरुवात केली, ‘हाताती’, मी पाप केलं. इथे ‘आम्ही’ चालत नाही. ‘मी इस्राएलच्या देवाचा आणि या माणसाचा अपराध केला’ असं म्हणायचं आणि पुढे तो अपराध सांगायचा. त्यापुढचं हिब्रूत जमेना. मराठीत म्हणालो, “दादा, घराच्या पैशांत मी तुला फसवलं.” रक्कमही सांगितली.

त्याआधी पैसे घेऊन वहिनींकडे गेलो होतो. त्यांनी ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोनदा मोजले. ‘राहू द्या हो’ म्हणाल्या नाहीत. मला त्याचं बरं वाटलं.

मंडळी, या हॉलमध्ये एकमेकांशी न बोलणारी माणसं आहेत, हे मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे. नव्याच्या सणाला अजून दोन आठवडे आहेत. ज्याच्याकडे जायचंय तो जिवंत असेल तर एकट्यानं जा, दहा माणसं लागत नाहीत.

पुतण्या आता पहाटे सेलिहोतला येतो. माझ्या शेजारच्या बाकावर बसतो, आणि माझं पान चुकलं की बोटानं ओळ दाखवतो.