दिव्याचं कौतुक झालं, तेलाचं राहिलं

बसा बसा, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत. कार्डावर विषय छापलाय ‘जिवंत प्राण्यात उजेडाने बघणं’, म्हणजे उंदराच्या अंगातल्या पेशींना चमकायला लावून त्या बाहेरून कॅमेऱ्याने बघणं, वेळ चाळीस मिनिटं, त्यातली दहा हारतुऱ्यांत गेली, म्हणून मनात आहे ते आधीच सांगून टाकतो.

कुणालाही विचारा, काजव्याचा जीन पेशीत घातला की पेशी चमकते म्हणतात. नाही हो चमकत! त्या जीनने फक्त ल्युसिफेरेज नावाचं एन्झाइम बनतं. ती झाली वात. जळतं ते तेल, म्हणजे ल्युसिफेरिन, आमच्या भाषेत सबस्ट्रेट, आणि ते उंदराला दर वेळी बाहेरून टोचावं लागतं. (बॅक्टेरियाचा लक्स जीनसंच आपलं तेल आपणच बनवतो, तो अपवाद सोडा.) ही दोन्ही नावं फ्रान्सच्या राफाएल द्युब्वाने १८८० च्या दशकात ठेवली. चमकणाऱ्या प्राण्याचा गार पाण्यातला अर्क चमकून विझायचा, गरम पाण्यातला चमकायचाच नाही, आणि दोन्ही एकत्र ओतले की पुन्हा उजेड. उकळत्या पाण्यात एन्झाइम मेलं, सबस्ट्रेट टिकला. इतका साधा प्रयोग, मला अजूनही त्याचं भारी वाटतं.

मग अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम मॅकेलरॉय आले. त्यांनी गावातल्या पोरांना सांगितलं, शंभर काजवे आणा, पंचवीस सेंट घ्या. पोरं संध्याकाळी डबे भरभरून आणायची. आपल्याकडे भंडारदऱ्याला मे अखेरीस काजवे बघायला गाड्यांची रांग लागते आणि लोक हेडलाइट चालू ठेवून बघतात, ते बघून माझा जीव तुटतो, पण तो वेगळा विषय. तर १९४७ साली मॅकेलरॉयनी दाखवलं की या उजेडाला एटीपी लागतं, पेशीचं ऊर्जेचं चलनी नाणं. आणि १९५७ मध्ये सुमारे १५,००० काजव्यांतून ल्युसिफेरिनचे स्फटिक मिळाले, किती? ९ मिलिग्रॅम. आज आम्ही उंदराला किलोमागे १५० मिलिग्रॅम देतो, म्हणजे वीस ग्रॅमच्या उंदराला ३. पंधरा हजार काजवे आणि तीन उंदीर! आता ते कारखान्यात बनतं म्हणून आम्हाला त्याची किंमत कळत नाही.

किंमत मला कळली ती एका सोमवारी. आमच्या एका विद्यार्थिनीचे उंदीर होते, ट्यूमरच्या पेशींत ल्युसिफेरेज घातलेलं, अर्ध्या उंदरांना औषध, अर्ध्यांना नुसतं सलाइन. पोटात इंजेक्शन दिलं, दहा मिनिटं थांबलो, उंदीर भूल देऊन डार्क बॉक्समध्ये, कॅमेरा सुरू. मागच्या आठवड्यात स्क्रीनवर लालभडक डाग होते तिथे आता फिकट निळा ठिपका (स्क्रीनवर लाल म्हणजे जास्त उजेड, निळा म्हणजे कमी). पोरगी आनंदाने उभीच राहिली, आम्ही चहा मागवला. मग तीच गप्प झाली आणि म्हणाली, सर, सलाइनवाले पण विझलेत. औषध न घेता ट्यूमर कसा जाईल? बोटाने चाचपला तर गाठ होती तिथेच, उलट मोठी. सुट्टीत वीज गेली होती, फ्रीझर बंद पडून पुन्हा चालू झाला होता, आणि बाटलीतली पावडर ओल धरून गोळा होऊन परत गोठली होती. ल्युसिफेरिनला ओल, ऊब, उजेड काहीच सोसत नाही, आणि खराब होताना त्यातून जे बनतं ते एन्झाइमला उलट अडवतं. नवीन बाटली आणली, दुसऱ्या दिवशी तेच उंदीर ठेवले, डाग पुन्हा लाल. तिने चाचपलं नसतं तर एक खोटं औषध आम्ही खरं मानून पुढे गेलो असतो.

पाच मिनिटं राहिली म्हणताहेत, तर भराभर. रक्तातलं हिमोग्लोबिन निळा-हिरवा उजेड गिळतं, ६०० नॅनोमीटरच्या पुढचा लाल तेवढा अंगातून बाहेर पडतो. काजव्याचा उजेड उंदराच्या ३७ अंशांना ६१० च्या आसपास सरकतो, म्हणून तो चालतो. सीलेंटराझीन या समुद्री प्राण्यांच्या तेलाचा उजेड निळा, शिवाय ते रक्तात आपोआप ऑक्सिडाइज होऊन उगाच पार्श्वभूमी उजळतं. २०१२ मध्ये कोळंबीच्या एका जातीच्या एन्झाइमवरून नॅनोल्युक ही नवी वात आली, सोबत तिचं तेल फ्युरिमाझीन, डिशमधल्या पेशींत झगझगीत, पण ४६० चा निळा, खोल अवयवात अडतो. आणि साधं ल्युसिफेरिन मेंदूत शिरतंच कमी. इथे जपानच्या रिकेन संशोधन संस्थेत मियावाकी या शास्त्रज्ञांच्या गटाने २०१८ मध्ये अकाल्युमीन हा बदललेला सबस्ट्रेट घेतला, त्याला साजेसं एन्झाइम घडवलं, उजेड ६५० च्या आसपास, आणि मार्मोसेट माकडाच्या मेंदूतल्या पेशी वर्षभराहून जास्त बघितल्या, माकड जिवंत, हिंडतंय फिरतंय. आधी तेल, मग त्याला जुळणारी वात, बघा क्रम!

बाकी स्लाइड राहू देत. पावडरची एक बाटली आणलीय, फिकट पिवळी आहे, ज्यांना बघायचीय त्यांनी टेबलापाशी या. झाकण मात्र उघडू नका, बाहेर पाऊस सुरू आहे.