एका खोलीपुरती हमी

(दृश्य: लीड्स, हाइड पार्क. उतारावरची लाल विटांची रांग. दारांवर भाड्याच्या पाट्या.)

लीड्सच्या हाइड पार्कमधली ही घरं पाठीला पाठ लावून बांधलेली आहेत. मागे अंगण नाही, मागचं दार नाही. एके काळी इथे कामगारांची कुटुंबं राहायची. आता एकेका घरात चार-पाच विद्यार्थी मिळून राहतात. घर पसंत पडलं की एजंट प्रत्येकाकडे एक नाव मागतो. तू भाडं भरलं नाहीस तर कोण भरेल, त्याचं नाव. हा जामीनदार. इथे सगळे त्याला गॅरंटर म्हणतात.

(दृश्य: एजंटच्या कार्यालयातला फळा. हात आकडे लिहितो आहे.)

आधी हिशेब पाहू, कारण पहिली चूक तिथेच होते. समजा, पाच खोल्यांचं घर आहे आणि एका खोलीचं भाडं आठवड्याला 130 पौंड. विद्यार्थी चाराने गुणतो आणि महिन्याचं भाडं 520 पौंड धरतो. पण वर्षात आठवडे 52 असतात. 130 गुणिले 52 म्हणजे 6,760 पौंड, त्याला बाराने भागलं की महिन्याचे 563 पौंड 33 पेन्स. अर्जात 520 लिहिलं आणि करारात 563 निघालं, की तपासणी अडते.

जामीनदाराची ऐपत मोजायचं नेहमीचं माप म्हणजे मासिक भाड्याच्या 36 पट वार्षिक उत्पन्न. काही एजंट 30 पटीवर समाधान मानतात. हा कायदा नाही, तपासणी करणाऱ्या कंपन्यांचा रिवाज आहे, त्यामुळे आकडा आधीच विचारून घ्यावा. आपल्या उदाहरणात 36 पट म्हणजे 20,280 पौंड. ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला हे जमण्यासारखं आहे.

आता फळ्यावरची खालची ओळ पाहा. हेच माप पूर्ण घराला लावलं तर आकडा होतो 1,01,400 पौंड. त्या नातेवाइकाची तपासणी झाली 20,280 वर. पण सही त्याने कशावर केली? एका खोलीच्या भाड्यावर की पाचही खोल्यांच्या? या घरांच्या बाबतीत विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

(दृश्य: भाडेकराराचं पान. एका ओळीवर बोट थांबतं.)

पाच जण एकाच करारावर सही करतात तेव्हा त्यांची जबाबदारी संयुक्त आणि पृथक असते. म्हणजे कुणा एकाने भाडं थकवलं तर घरमालक ती रक्कम उरलेल्या चौघांपैकी कुणाकडूनही मागू शकतो. जामीनदार ज्याच्यामागे उभा आहे, त्याच्या जबाबदारीमागेही उभा असतो. हमीपत्रात मर्यादा लिहिलेली नसेल, तर ज्या मुलाला त्याने कधी पाहिलंही नाही, त्याचं भाडंही त्याच्याकडून मागितलं जाऊ शकतं. तीच गोष्ट मोडतोडीची. स्वयंपाकघरातला ओटा जाळला कुणी, हे हमीपत्र विचारत नाही.

(दृश्य: टेबलावर मांडलेली कागदपत्रं, एकेक करून.)

जामीनदाराकडून मागितले जाणारे कागद साधारण असे: पासपोर्ट किंवा वाहन परवाना, राहत्या पत्त्याचा अलीकडचा पुरावा, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि बँकेचं विवरण. स्वतःचा व्यवसाय असेल तर करविभागाचा एसए 302 हा हिशेब. त्यानंतर क्रेडिट रेकॉर्ड तपासलं जातं. कोर्टाचा थकबाकीचा निकाल, म्हणजे सीसीजे, महिन्याच्या आत फेडला नसेल तर सहा वर्षं नोंदीत राहतो आणि बहुतेक वेळा जामीनदार तिथेच नाकारला जातो. पत्त्यातला फरकही अडवतो. परवान्यावर जुना पत्ता आणि बँकेत नवा असेल, तर आधी तो दुरुस्त करून घ्यावा.

या तपासणीचे पैसे भाडेकरूकडून घेता येत नाहीत, जामीनदाराकडूनही नाहीत. इंग्लंडमध्ये 1 जून 2019 पासून टेनंट फीज अ‍ॅक्टने हे बंद केलं. घर राखून ठेवायची रक्कम जास्तीत जास्त एका आठवड्याच्या भाड्याएवढी असते, आणि वार्षिक भाडं 50,000 पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नाही. मात्र अर्जात खोटी माहिती दिली, तर राखून ठेवायची रक्कम बुडू शकते. त्यामुळे जामीनदाराचा पगार फुगवून लिहू नका.

(दृश्य: हमीपत्र. वरच्या बाजूला डीड हा शब्द. पेन, दोन सह्यांच्या जागा.)

हे हमीपत्र. हमी लेखी हवी, हा इंग्लंडमधला नियम 1677 च्या कायद्यापासून आहे. पण नुसतं लेखी असणं पुरत नाही. भाडेकरार आधीच झालेला असेल आणि हमी नंतर साध्या कागदावर घेतली, तर त्या हमीच्या बदल्यात घरमालकाने नवं काही दिलेलं नसतं, आणि तो करार कोर्टात टिकवणं अवघड जातं. म्हणून ती डीड म्हणून केली जाते, म्हणजे बदल्यात काही मिळालं नाही तरी बांधून ठेवणारा औपचारिक दस्त. डीडला साक्षीदार लागतो, आणि सही होताना तो प्रत्यक्ष समोर असावा लागतो. सही संगणकावर केली तरी साक्षीदार व्हिडिओ कॉलवर चालत नाही. तो करारातला पक्ष नसावा. घरातल्या माणसाऐवजी शेजारी किंवा सहकारी बरा, पुढे वाद राहत नाही.

सही करण्याआधी जामीनदाराच्या हातात भाडेकराराची पूर्ण प्रत असायला हवी. तो ज्याची हमी देतो ते भाडेकरारात लिहिलेलं असतं, हमीपत्रात नाही. आणि हमीपत्रात तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली, रक्कम. ‘या भाडेकरूच्या वाट्याच्या भाड्यापुरती’, असं स्पष्ट वाक्य हवं, आणि पौंडांत कमाल आकडा. एजंट म्हणतो की छापील नमुना बदलता येत नाही. बदलता येतो. घरमालकाची संमती लागते, एवढंच. भाडं वाट्यानुसार घेणाऱ्या घरमालकाला वाट्यापुरती हमी मागणं गैर वाटण्याचं कारण नाही.

दुसरी, मुदत. ‘आणि त्यानंतरच्या कोणत्याही नूतनीकरणासाठी’, हे शब्द सापडले तर त्यावर बोलायलाच हवं. रेंटर्स राइट्स अ‍ॅक्ट 2025 मुळे 1 मे 2026 पासून इंग्लंडमध्ये बहुतेक खासगी भाडेकरार ठरावीक मुदतीचे राहत नाहीत, ते आपोआप चालूच राहतात. म्हणजे हमीला शेवटची तारीख लिहिली नाही, तर करारातूनही ती मिळत नाही. तारीख हमीपत्रातच लिहून घ्या.

तिसरी, बदल. 1878 साली होम विरुद्ध ब्रन्सकिल या खटल्यात एका शेताच्या भाडेकरूसाठी कुणीतरी हमी दिली होती: शेतासोबत दिलेला मेंढ्यांचा कळप चांगल्या स्थितीत परत मिळेल, अशी. मग जामीनदाराला न विचारता एक तुकडा शेतातून काढून घेतला आणि भाडं कमी केलं. कोर्टाने जामीनदाराला मोकळं केलं. तेव्हापासून, करारात त्याच्या संमतीशिवाय मोठा बदल झाला की जामीनदार सुटू शकतो. पण आजच्या छापील हमीपत्रांत बहुधा एक कलम असतं, जे हे संरक्षणच काढून टाकतं. ते कलम सापडलं तर निदान एवढं मागावं की भाडेवाढ आणि भाडेकरूतला बदल जामीनदाराला लेखी कळवला जाईल.

(दृश्य: विद्यार्थी वसतिगृहाची उंच इमारत, स्वागतकक्ष, खोलीची किल्ली.)

आणि ब्रिटनमध्ये ओळखीचं कुणीच नसेल तर? परदेशातले आईवडील सहसा चालत नाहीत. त्यांचं क्रेडिट रेकॉर्ड इथून तपासता येत नाही आणि वसुली परदेशात करावी लागते. पूर्वी अशा वेळी सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं भाडं आधीच भरून घर मिळायचं. नव्या कायद्याने इंग्लंडमधल्या बहुतेक खासगी घरांत तो रस्ता बंद केला आहे. करारावर सही झाल्यावर एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही. सरकारमान्य आचारसंहितेखालची खास विद्यार्थ्यांसाठी बांधलेली वसतिगृहं मात्र या चौकटीबाहेर आहेत, तिथे हप्ते किंवा एकरकमी भरणा चालू आहे.

दुसरा मार्ग विद्यापीठाचा. यूसीएलसारखी काही विद्यापीठं स्वतः जामीनदार होतात. अटी असतात, अर्जाला वेळ लागतो, म्हणून घर शोधायला लागण्याआधीच विचारावं. तिसरा मार्ग शुल्क घेऊन हमी देणाऱ्या कंपन्यांचा. हे शुल्क परत मिळत नाही, आणि कंपनीने घरमालकाला भरलेले पैसे ती पुढे विद्यार्थ्याकडूनच वसूल करते. हा विमा नव्हे. पैसे भरण्याआधी आपला एजंट त्या कंपनीची हमी मानतो का, याचं उत्तर लेखी घ्या.

(दृश्य: दाराबाहेर ठेवलेल्या बॅगा. एक भाडेकरू घर सोडतो आहे. मागे उभे असलेले चौघे.)

भाडं थकलं तर आधी मागणीपत्र येतं, मग कौंटी कोर्टात दावा, आणि निकालाची रक्कम महिन्याच्या आत भरली नाही तर तो सीसीजे जामीनदाराच्या नोंदीत राहतो.

(दृश्य: रिकामी खोली. मीटरवरचा आकडा, मोबाइलवर काढलेले फोटो.)

घर सोडताना मीटरचे आकडे आणि प्रत्येक खोलीचे फोटो त्याच दिवशी काढा, आणि ते जामीनदारालाही पाठवा. डिपॉझिट तीन मान्यताप्राप्त योजनांपैकी एकीत ठेवलेलं असतं आणि वाद सोडवायची त्यांची सेवा मोफत आहे. तो हिशेब मिटला की एजंटला ईमेल करून एकच ओळ मागा: या हमीपत्राखाली कोणतीही रक्कम बाकी नाही आणि हमी अमुक तारखेला संपली. ते उत्तर, डीडची प्रत आणि भाडेकरार जामीनदाराने बारा वर्षं जपून ठेवावेत.