केस, टाचा आणि नर्मदेचे पाणी

[दृश्य: राजवाड्यासमोरचा चौक, रंगपंचमीची दुपार]

रंगपंचमीच्या दिवशी इंदूरमध्ये गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते आणि टँकरमधून उडणाऱ्या रंगात राजवाड्याभोवतीचे रस्ते न्हाऊन निघतात. दुसऱ्या दिवशी सकाळपासून रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर या मराठी वस्तीच्या भागांतील सलूनमध्ये खुर्ची रिकामी मिळत नाही. कोणाच्या केसांत गुलाबी छटा उरलेली असते, तर कोणाच्या हिरवी. ज्यांनी पूर्वी केस ब्लीच केले आहेत किंवा सरळ करून घेतले आहेत, त्यांचा रंग सर्वांत चिवट ठरतो. केसाच्या बाहेरच्या बाजूस कौलांप्रमाणे एकावर एक चढलेले सूक्ष्म पापुद्रे असतात. रसायनांनी ते उचलले गेले की रंगाला आत शिरायला वाट मिळते. आदल्या रात्री डोक्याला भरपूर तेल चोपडण्याचा घरोघरचा आग्रह म्हणूनच अगदी रास्त आहे.

[दृश्य: सलूनचा आतला भाग, केस धुण्याची खुर्ची]

केस धुण्यासाठी मान मागे टाकून बसवले जाते, तेव्हा बेसिनची कड मानेला रुतत असेल तर संकोच न बाळगता घडी केलेला टॉवेल मागावा. अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ मायकेल वाइनट्रॉब यांनी १९९३ साली अशा पाच स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली होती, ज्यांना केस धुताना मान फार मागे ताणली गेल्याने मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा त्रास झाला. असे क्वचितच घडते. परंतु टॉवेलला पैसे पडत नाहीत.

पुढे येतो हेअर स्पा. त्याबद्दल सलूनमध्ये जेवढे सांगितले जाते, त्यातले निम्मे बाजूला ठेवलेले बरे. टाळूबाहेर आलेला केस हा निर्जीव असतो. केराटिन या प्रथिनाचा तो धागा महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि त्याला ‘पोषण’ देता येत नाही. क्रीममधील धनभारित घटक झिजलेल्या केसाच्या ऋणभारित पृष्ठभागाला चिकटतात, त्यामुळे केस मऊ लागतो, गुंता कमी होतो आणि चमक येते. हा परिणाम खरा असतो, मात्र केस दोन-चारदा धुतले की ओसरतो. वीस मिनिटे कोणीतरी शांतपणे टाळू चोळून देते, हा लाभ वेगळा, आणि आमच्या मते पैसे मुख्यतः त्याचेच वसूल होतात. केस सरळ करण्याच्या ‘केराटिन’ उपचाराबाबत मात्र सावध राहावे. त्यासाठीच्या काही द्रावणांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड बाहेर पडते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली ते माणसाला कर्करोगकारक ठरवले आहे. उपचार चालू असताना डोळे चुरचुरू लागले, तर खिडकी उघडायला सांगणे हा आगाऊपणा नव्हे.

इंदूरमध्ये केसांची गोष्ट पाण्यापर्यंत आल्याशिवाय राहत नाही. मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून नर्मदेचे पाणी चढवून शहरात आणले जाऊ लागले ते १९७८ पासून. पण अनेक वसाहती आजही बोरिंगवर अवलंबून आहेत. माळव्याच्या काळ्या खडकातून मुरून येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ असतात, आणि साबणाशी त्यांची गाठ पडली की चिकट साका तयार होतो. नर्मदेच्या पाण्याने केस धुतले की हलके वाटतात, असे येथील बायका सांगतात. एखाद्या सलूनमध्ये केस छान झाले आणि घरी पुन्हा राठ झाले, तर दोष शाम्पूला देण्याआधी घरच्या नळाखालची पांढरी पुटे पाहावीत.

[दृश्य: पायांची खुर्ची. निवृत्त शिक्षिका आणि सलून चालवणारी मराठी तरुणी]

“काकू, पाणी सोसतंय का?”

“मला कळत नाही गं. तूच हात घालून बघ.”

काकूंना बरीच वर्षे मधुमेह आहे आणि पायांची संवेदना मंदावली आहे. अशा माणसाला पाणी पोळले तरी वेळेवर समजत नाही, आणि छोटी जखमही चिघळू शकते. म्हणून ही तरुणी आधी स्वतःचे मनगट पाण्यात बुडवते, पाय थोडाच वेळ भिजू देते आणि टाचेला पाते अजिबात लावत नाही. वजरीही ती अगदी हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवते. तळपायाच्या त्वचेत तेलग्रंथी नसतात, आणि माळव्याची कोरडी थंडी सरेपर्यंत टाचांच्या भेगा खोल गेलेल्या असतात. जाड त्वचा तासून काढण्याचा मोह दोन्ही बाजूंना असतो. पण ती फार तासली तर खालची जिवंत त्वचा उघडी पडते.

नंतर काशाची वाटी बाहेर येते. तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूची ही वाटी तूप लावून तळपायावर घासण्याची पद्धत मराठी घरांत जुनी आहे. आता तिचे विजेवर फिरणारे यंत्रही सलूनमध्ये आले आहे. घासता घासता तळवा काळपट होतो आणि ‘अंगातली उष्णता निघाली’ असे म्हटले जाते. तो काळेपणा धातूचा, तुपाचा आणि घामाचा असतो. एवढे मान्य केल्यावरही, घासल्यानंतर येणारी शांत झोप कोणी नाकारणार नाही.

पायांच्या सेवेत खरी जोखीम असते ती टबाची. २००० साली कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथील एका सलूनमध्ये पाय बुडवलेल्या शंभराहून अधिक ग्राहकांना पोटऱ्यांवर गळवे उठली. तपासात मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम हा जंतू सापडला. पाणी खेळवणाऱ्या टबाच्या जाळीमागे केस आणि त्वचेचा कचरा साचला होता, आणि तिथेच तो वाढला होता. आधी पायांवर रेझर फिरवून आलेल्यांना धोका अधिक होता. या कारणाने बुडबुडे काढणाऱ्या महागड्या टबापेक्षा घासून, जंतुनाशकाने धुऊन कोरडे केलेले साधे स्टीलचे घमेले आम्हाला अधिक भरवशाचे वाटते. टब असलाच, तर त्याची जाळी काढून केव्हा धुतली, हे पाय बुडवण्यापूर्वी विचारावे. नेलकटर आणि चिमटा कसा निर्जंतुक केला, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

काकूंच्या बोटांमधली जागा तरुणी कोरडी पुसून घेते, टाचांना युरियायुक्त मलम लावते आणि रात्री सुती मोजे घालायला सांगते. बोटांच्या फटींत ती मलम लावत नाही, कारण तिथे ओल राहिली की बुरशी धरते. पुढच्या आठवड्यात पायांचे केस काढून मग येईन, असे शेजारच्या खुर्चीवरची मुलगी म्हणते, तेव्हा तिला उत्तर मिळते, “आधी पेडिक्युअर करून घे, रेझर नंतर.”