दुखणं विचारा, औषध नको

मंडळी, एखाद्या प्रदेशात उद्योग वाढावेत म्हणून काय करावं, असं उद्योजकांना विचारलं की उत्तर बहुधा ठरलेलं असतं. कर कमी करा, परवाने कमी करा, जमीन स्वस्त द्या. लोकांना विचारलं तर वेगळी यादी येते. पोरांना इथेच नोकऱ्या मिळू द्या, घरभाडं आवाक्यात राहू द्या, रस्ते तुंबवू नका. मग समिती बसते, दोन्ही याद्या शेजारीशेजारी छापते आणि त्याला धोरण म्हणते. माझं म्हणणं असं की ही मतं फार मोलाची असतात, पण आपण ती भलत्याच कामाला जुंपतो. कुठे दुखतंय हे रोग्याइतकं कोणीच सांगू शकत नाही. औषधाची चिठ्ठी मात्र त्याच्याकडून लिहून घ्यायची नसते.

आधी लोकांच्या मताकडे येऊ. २०१७ साली अ‍ॅमेझॉनने दुसऱ्या मुख्यालयासाठी प्रस्ताव मागवले, तेव्हा उत्तर अमेरिकेतून २३८ प्रस्ताव आले. वर्षभराने न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्सची निवड झाली आणि सुमारे तीन अब्ज डॉलर्सच्या सवलती जाहीर झाल्या. तेव्हाच्या एका मतचाचणीत ५७ टक्के शहरवासीयांना कंपनी यायला हवी होती. त्याच चाचणीत सवलतींबद्दल विचारलं, तर ४६ बाजूने, ४४ विरोधात. माणसं तीच, विषय तोच. कंपनी हवी का, याचं उत्तर सोपं. किती पैसे मोजून हवी, हे विचारल्यावर शहर दुभंगलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये विरोध पाहून कंपनीने काढता पाय घेतला. लोकांना विकास नको असतो, असा निष्कर्ष काहींनी लगेच काढला. मला तो आळशीपणा वाटतो. बिल कोणाच्या नावावर फाटणार, एवढंच लोक विचारत होते.

आणि तो प्रश्न रास्त होता. टिमोथी बार्टिक या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने २०१८ साली आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. सवलत घेतलेल्या कंपन्यांपैकी निव्वळ सवलतीमुळे जागेचा निर्णय फिरला अशा कंपन्या त्याच्या अंदाजाने २ ते २५ टक्के. म्हणजे शंभरातल्या किमान पंचाहत्तर तशाही तिथेच आल्या असत्या. आता यातल्या एखाद्या कंपनीला विचारा, सवलत महत्त्वाची होती का? ती 'नाही' म्हणेल कशाला? फुकट मिळणाऱ्या गोष्टीबद्दल घेणाऱ्याचं मत विचारणं हा सर्वेक्षणाचा वाया गेलेला कागद.

उद्योजक नेहमीच सवलतीच मागतात असंही नाही, बरं का. कॅन्सस सिटी हे महानगर दोन राज्यांत विभागलेलं आहे. मध्ये स्टेट लाइन नावाचा रस्ता, एका बाजूला कॅन्सस, दुसऱ्या बाजूला मिसुरी. दोन्ही सरकारं एकमेकांच्या कंपन्या कर माफ करून पळवत होती. कचेरी काही मैल सरकायची, कर्मचारी तेच, घरं तीच, तिजोरी मात्र रिकामी. २०११ साली तिथल्याच सतरा उद्योजकांनी दोन्ही राज्यपालांना जाहीर पत्र लिहिलं : हे थांबवा. थांबायला २०१९ उजाडलं. असं मत प्रश्नावलीतून कधीच आलं नसतं, कारण 'आम्हाला देणं बंद करा' असा रकाना कोणी छापतच नाही.

प्रश्नावलीबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण खरी गोम तिथे आहे. नेहमीचा नमुना असा : 'खालील अडचणींना महत्त्वानुसार क्रम द्या.' कर, वीज, कर्ज, कायदे, कुशल मनुष्यबळ. हा कागद मालकाच्या टेबलावर येतो, तो दोन मिनिटांत कर पहिला लिहून मोकळा होतो. करावर कोण खूश असतं? त्याऐवजी विचारा, मागच्या आठवड्यात काम कशामुळे अडलं? मग बोलणं सुरू होतं. वीजजोडणीचा भार वाढवून हवाय, अर्ज पडून आहे. नवं मशीन आलंय, चालवायला ऑपरेटर मिळत नाही. मिळाला होता, तो शेजारच्या कारखान्याने उचलला. ऑर्डर दिली त्याने पैसे अजून सोडलेले नाहीत. कराचं नाव येतं, पण चौथ्या-पाचव्या वाक्यात.

हा फरक किती मोठा असतो ते जागतिक बँकेच्याच कामात दिसलं. परवान्याला नियमानुसार किती दिवस लागतात, हे वकील-सल्लागारांना विचारून बँक देशांची क्रमवारी लावायची. दुसऱ्या एका पाहणीत तीच बँक कंपन्यांना विचारायची, तुम्हाला प्रत्यक्षात किती दिवस लागले? २०१५ साली अभ्यासकांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर मेळच बसेना. एकाच देशात कोणाचं काम चुटकीसरशी झालेलं, कोणी महिनोन्‌महिने खेटे घालतोय. सरकारं मात्र क्रमवारीतला नंबर सुधारण्यात दंग होती. शेवटी २०१८ आणि २०२० च्या अहवालांतल्या आकड्यांत गैरप्रकार निघाले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने ती क्रमवारीच गुंडाळली.

अजून एक अडचण आहे. आपण मत विचारतो ते टिकलेल्यांना. संघटनेचे सभासद, परिषदेला येऊ शकणारे, माणूस पाठवून फॉर्म भरून घेणारे. त्यांचं जमलेलं असतं. एखाद्या जाचक परवान्याविरुद्ध ते तक्रार करतात, पण तोच परवाना नव्या स्पर्धकाला बाहेर ठेवतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. नोकरी सोडून धंदा काढू पाहणारी, हिशेब जुळेना म्हणून विचार सोडून दिलेली बाई या यादीत नाही. दुसऱ्या प्रदेशात निघून गेलेला कारखानदार नाही. प्रदेशाची ताकद वाढवायची म्हणजे नेमक्या याच माणसांचा अडसर काढायचा, आणि त्यांनाच आपण विचारत नाही.

शोधणं अशक्य नाही. नोंदणी रद्द केलेल्या धंद्यांची यादी कुठल्या ना कुठल्या सरकारी दप्तरात असतेच. परवान्याचा अर्ज अर्ध्यावर सोडलेल्यांचीही असते. निम्मे फोन लागणार नाहीत. जे लागतील ते पहिली पाच मिनिटं चिडून बोलतील. ती पाच मिनिटं मध्ये न बोलता लिहून घ्या, आणि मग पुढचा प्रश्न विचारा : तेव्हा नेमकं कुठल्या टेबलावर अडलं होतं?