पाना, पाइप आणि बायबल

(दृश्य: नॉर्थ कॅरोलायना. झाडांच्या सावलीत रांगेनं उभी मोटरहोम्स, म्हणजे चाकांवरची घरं.)

शार्लट शहराच्या दक्षिणेला वॅक्सहॉ नावाचं छोटं गाव आहे. बायबल भाषांतराच्या कामाला विमानं, वाहनं आणि तांत्रिक मदत पुरवणाऱ्या 'जार्स' या संस्थेचा तळ इथला. विक्लिफ बायबल ट्रान्सलेटर्स ही संस्था १९४२ची, तिचे संस्थापक कॅमेरॉन टाऊनसेंड. भाषांतरकारांची जंगलातली ने-आण आणि बिनतारी संपर्क यांसाठी १९४८ साली जार्स निघाली.

प्रत्यक्ष भाषांतर दूर पापुआ न्यू गिनीसारख्या ठिकाणी चालतं. इथं आपली मोटरहोम लावून स्वयंसेवक म्हणून राहिलेल्या निवृत्त जोडप्यांना बायबलच्या मूळ भाषा, ग्रीक-हिब्रू, येत नाहीत. कुणाला वायरिंग येतं, कुणाला सुतारकाम, कुणाला हिशेब. आपल्याकडे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हेच दिसलं होतं. पंडिता रमाबाईंनी बायबल मराठीत आणलं, पण १९२४ साली ते छापून बाहेर पडलं ते तिथल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या बायकांच्या हातांमुळे.

दोन महिन्यांसाठी येणाऱ्या स्वयंसेवकाला खोली द्यायची म्हणजे यजमान संस्थेला खर्च. आरव्हीवाले, म्हणजे हे मोटरहोमवाले, घर, स्वयंपाकघर, पलंग सगळं बरोबर घेऊन येतात. त्यांना जागा, वीज, पाणी आणि मैलावाहिनीची जोडणी मिळाली की झालं. ऐकायला सोपं वाटतं, पण बिघडायचं ते इथंच बिघडतं.

(दृश्य: विजेचा खांब. प्लग लावणारे हात.)

आधी वीज. ३० अँपिअरच्या जोडणीवर १२० व्होल्टनं ३,६०० वॅट मिळतात. एसीला साधारण दीड हजार, पाणी तापवायला जवळपास तेवढेच. त्यात मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडलाच! ५० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन वाहिन्या असतात, एकूण १२,००० वॅट. पण तिथं न्यूट्रल सैल असेल तर एका वाहिनीचा विजेचा दाब (व्होल्टेज) खूप चढतो, दुसरीचा उतरतो आणि टीव्हीपासून चार्जरपर्यंत सगळं जळतं. विजेचा क्षणिक झटका अडवणारा साधा सर्ज प्रोटेक्टर यासाठी पुरत नाही. दाब वर-खाली झाला की पुरवठा तोडणारं उपकरण हवं. ते आधी खांबाला लावायचं, त्यानं 'ठीक' दाखवलं की मगच गाडीची केबल.

पाण्याचा रेग्युलेटर नळाशी बसवायचा, गाडीच्या तोंडाशी नाही. नाहीतर मधली नळी पूर्ण दाब सोसत राहते आणि फुटते. ४५ ते ५० पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच दाबाचं माप) पुरेसा. हिवाळ्यात इथं रात्री पारा शून्याखाली जातो. अशा रात्री नळी काढून रिकामी करायची आणि गाडीतल्या टाकीवर भागवायचं.

(दृश्य: मैल्याची नळी, दोन खटके.)

आता नवख्यांची हमखास चूक. जोडणी कायमची आहे म्हणून ते संडासाच्या टाकीची झडप उघडीच ठेवतात. पाणी वाहून जातं, घट्ट मैला मागे साचतो, वाळतो आणि त्याचा ढीग तयार होतो. झडप बंदच ठेवायची, टाकी दोन-तृतीयांश भरली की एकदम सोडायची. मग बेसिन-शॉवरची टाकी सोडली की त्या साबणाच्या पाण्यानं नळीही धुऊन निघते. रबरी हातमोजे घालायचे, हे वेगळं सांगायला नको.

(दृश्य: कार्यशाळा.)

काम ठरतं ते येण्याआधी. संस्था अर्ज घेते, पार्श्वभूमी तपासते. अर्जात 'सांगाल ते करेन' लिहिणाऱ्याला काम देणं सगळ्यात अवघड. '१२० व्होल्टचं वायरिंग, भिंतीचे पत्रे, शिवणयंत्र दुरुस्ती' असं लिहिलं की दुसऱ्या दिवशी हातात काम येतं. विमानाला मात्र कुणीही हात लावायचा नाही. परवानाधारक मेकॅनिकच्या देखरेखीखालीच ते चालतं. आणि काम दोघांनाही हवं. एकाला कार्यशाळा आणि दुसऱ्याला साडेआठ फूट रुंदीच्या गाडीत दिवसभर बसणं, असं झालं तर मुक्काम लांबत नाही.

(दृश्य: टायरचा कडेचा भाग.)

महिनोन् महिने एका जागी उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. नक्षी नवीकोरी दिसते, आतलं रबर मात्र कडक होऊन तडकलेलं असतं. बाजूवर 'DOT' अक्षरांपुढे छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघायचे: २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. सहा-सात वर्षं उलटली असतील तर नक्षी कितीही चांगली असो, बदलायचे. हवा तपासायची ती निघायच्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना. उन्हात तापल्यावर आकडा चढलेला दिसतो, आणि तो बघून हवा सोडणारा माणूस कमी हवेच्या टायरवर हायवेला लागतो.