आधी किड्याच्या पोटात बघा

नमस्कार श्रोतेहो. बिअर्डेड ड्रॅगन हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा सरडा. युरोप-अमेरिकेत तो हौसेनं पाळतात, आपल्या शहरांतही काही घरांत दिसतो. (घोरपड किंवा तारा कासव मात्र घरात ठेवू नका, १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.) बिअर्डेड ड्रॅगनच्या पिल्लांना बहुतेक जण रोज रातकिडेच घालतात. पण रातकिड्यात कॅल्शियम असतं फॉस्फरसच्या जेमतेम सातव्या हिश्शाइतकं. वरून कॅल्शियमची पूड भुरभुरली नाही, अतिनील दिवा लावला नाही, तर हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो.

म्हणून वेगळे किडे शोधायचे. ब्लॅक सोल्जर फ्लाय या काळ्या माशीच्या अळीत फॉस्फरसपेक्षा कॅल्शियमच जास्त. आपल्याकडे ओला कचरा जिरवायला ती वापरतात. पण कचऱ्यावर पोसलेली अळी सरड्याला नको. किडा कोणता, याइतकंच त्यानं काय खाल्लं हे महत्त्वाचं.

अमेरिकेतली हॉर्नवर्म बघा. बोटाएवढी अळी, तंबाखू-टोमॅटोवर पडणारी. तंबाखूच्या शेतातली अळी पोटात निकोटिन घेऊन फिरते, म्हणजे विषच. तीच अळी तयार खाद्यावर वाढवली की बिनधोक. गंमत म्हणजे ती रंगावरून ओळखू येते: पानांतली पिवळी द्रव्यं न मिळाल्यानं हिरवी न होता निळसर राहते. अंगात बहुतेक पाणीच, तेव्हा तिच्यावर पोट भरणार नाही. उन्हाळ्यात अधूनमधून ठीक.

आपल्या जालना-बीडकडचा तुतीचा रेशीमकिडा मला जास्त पसंत. अंग मऊ, पचायला सोपा. तुतीवर कीटकनाशक पडलं तर आधी किडाच मरतो, त्यामुळे शेतकरी स्वतःच जपतो. फक्त कात टाकल्यावर किड्यांवर जंतुनाशक पूड टाकतात. ती टाकली होती का, एवढं विचारून घ्या. आणि किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको.

काजवा मात्र कधीच नाही. अमेरिकेतल्या काजव्यांत भेकाच्या, म्हणजे खरबरीत कातडीच्या बेडकाच्या विषासारखं, हृदयावर घाव घालणारं द्रव्य असतं. एकच काजवा खाऊन बिअर्डेड ड्रॅगन दगावल्याची नोंद १९९९ सालच्या अभ्यासात आहे. सरडा तोंड वासू लागला, अंग काळवंडलं, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, थेट पशुवैद्य गाठा. आपल्याकडे मे-जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर काजवे निघतात. तेवढे दिवस खिडकीला बारीक जाळी लावा.