तपासून पाहणे हा गुन्हा नसावा

श्रोतेहो, नमस्कार.

मृग नक्षत्राच्या आगेमागे विदर्भातल्या कोणत्याही गावात गेलात, तर एखाद्या ओसरीवर ओल्या गोणपाटाची गुंडाळी दिसते. आत सोयाबीनचे शंभर दाणे दहा-दहाच्या ओळींत मांडलेले असतात. त्यावर अधूनमधून पाणी शिंपडायचे, आठवडाभराने गुंडाळी उलगडायची आणि किती दाण्यांना कोंब फुटले ते मोजायचे. सत्तर किंवा अधिक फुटले तर निर्धास्त पेरायचे, कमी फुटले तर बियाण्याचे प्रमाण वाढवायचे, आणि फारच कमी फुटले तर ते बियाणे शेतात न्यायचेच नाही. अशी तपासणी करणारा शेतकरी बोगस बियाण्याला उत्तेजन देतो, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. नशेच्या पदार्थांच्या बाबतीत मात्र हेच म्हटले जाते, आणि त्या म्हणण्यापायी माणसे मरतात.

मी औषधनिर्माण अधिकारी म्हणून ग्रामीण रुग्णालयांत एकतीस वर्षे काम केले. त्यातली बरीच वर्षे वर्धा जिल्ह्यात गेली, जिथे गांधीजींच्या वास्तव्याचा मान राखून कित्येक दशकांपासून दारूबंदी आहे. दारूबंदीसाठी आपल्या भागातल्या बायकांनी काय सोसले ते मी जवळून पाहिले आहे आणि ती उठवावी असे मला वाटत नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचे ऐकून काहींना तशी शंका येऊ शकेल.

आधी अमेरिकेकडे पाहू, कारण या प्रश्नाचा सर्वांत कठोर धडा त्या देशाने घेतला आहे. फेंटानिल हे औषध आपल्याकडेही शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देताना वापरतात. ते मॉर्फिनपेक्षा सुमारे शंभर पट आणि हेरॉइनपेक्षा सुमारे पन्नास पट तीव्र आहे. ज्याच्या शरीराला सवय नाही अशा माणसाला त्याचे दोन मिलिग्रॅमही प्राणघातक ठरू शकतात, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाचा जेमतेम दहावा भाग. चोरट्या बाजारात हे फेंटानिल हेरॉइनमध्ये, कोकेनमध्ये आणि हुबेहूब औषधाच्या गोळीसारख्या दिसणाऱ्या बनावट गोळ्यांमध्ये मिसळले जाऊ लागले. घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो, आणि विकणाऱ्यालाही पुष्कळदा नसतो. त्या देशात २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षांत अतिमात्रेने प्रत्येकी एक लाखाहून अधिक माणसे दगावली, आणि दर तीन मृतांपैकी दोघांच्या शरीरात फेंटानिल किंवा त्याच्या जातीचे द्रव्य सापडले.

यावरचा एक उपाय आगपेटीच्या काडीएवढा सोपा होता. पदार्थाचा कण पाण्यात विरघळवायचा, त्यात कागदाची एक अरुंद पट्टी काही सेकंद बुडवायची आणि ती सपाट जागेवर ठेवून दोन-चार मिनिटे थांबायचे. इथे एक बारकावा ध्यानात ठेवावा लागतो. कोविडच्या चाचणीत दोन रेषा उमटल्या की आपण घाबरत होतो. या पट्टीवर मात्र दोन रेषा म्हणजे फेंटानिल आढळले नाही, आणि एकच रेषा म्हणजे आढळले. पट्टीमागचे तंत्र आपल्या कास्तकारांना परके नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बीटी कपाशी ओळखण्याचे जे संच तयार केले, त्यातही पान चुरडून द्रावणात पट्टी बुडवली की पानात बीटी प्रथिन आहे की नाही ते काही मिनिटांत कळते.

एका पट्टीची किंमत अमेरिकेत साधारण एक डॉलर. तरीही कित्येक राज्यांत ती जवळ बाळगणे हा गुन्हा होता. याचे कारण १९७९ साली तिथल्या केंद्र सरकारने राज्यांसाठी तयार केलेल्या एका नमुना कायद्यात आहे. नशेला लागणाऱ्या साधनांवर बंदी घालताना चिलमी, नळ्या आणि तराजू यांच्या यादीत पदार्थाची तीव्रता किंवा शुद्धता तपासण्याची साधनेही घातली गेली. तपासणी करणारा म्हणजे माल पारखून घेणारा व्यापारी, हे गृहीत त्यामागे असावे. चाळीस वर्षांनंतर तीच तपासणी एखाद्या आईने आपल्या मुलाच्या खिशात सापडलेल्या गोळीवर केली, तरी कायद्याच्या भाषेत तीही त्याच यादीत बसत होती.

एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने आपल्या निधीतून या पट्ट्या विकत घेण्याची परवानगी दिली, आणि त्यानंतर राज्यांमागून राज्ये आपला कायदा दुरुस्त करत गेली. अलाबामा, जॉर्जिया, टेनेसी ही परंपराप्रिय आणि नशेच्या बाबतीत कडक समजली जाणारी राज्ये २०२२ मध्येच त्यात आली. पुढच्या वर्षी केंटकी, मिसिसिपी, ओहायो आणि फ्लोरिडा आली. टेक्सासमध्ये मात्र २०२३ मध्ये एका सभागृहाने मंजूर केलेले विधेयक दुसऱ्या सभागृहात अडले. न्यूझीलंडने याहून सरळ मार्ग धरला. डिसेंबर २०२० मध्ये तात्पुरता आणि २०२१ मध्ये कायमचा कायदा करून त्या देशाने परवानाधारक तपासणी सेवेलाच मान्यता दिली. तिथे माणूस नमुना घेऊन येतो, त्यात काय आहे ते त्याला सांगितले जाते, आणि नमुना आणला म्हणून त्याच्यावर गुन्हा दाखल होत नाही. नेदरलँड्समध्ये अशी व्यवस्था १९९२ पासून चालू आहे.

अशाने तरुणांना घेण्याचे धाडस येईल, हा आक्षेप मी मनापासून ऐकतो, कारण तो बहुधा आईबापांकडून येतो. परंतु अनुभव दुसरे सांगतो. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो शहरात सुईने नशा करणाऱ्या १२५ जणांची पाहणी झाली. त्यातल्या सुमारे ४३ टक्के लोकांनी पट्टीमुळे आपण वागणे बदलल्याचे सांगितले, आणि ज्यांच्या नमुन्यात फेंटानिल निघाले त्यांच्यात हा बदल कितीतरी अधिक होता.

पट्टीला मर्यादा आहेत, आणि त्या सांगितल्याशिवाय तिची शिफारस करणे हे माझ्या व्यवसायाला शोभणार नाही. फेंटानिल किती आहे ते ती सांगत नाही. गोळीच्या एका कोपऱ्यात विष असेल आणि तपासलेला कण दुसऱ्या कोपऱ्यातला असेल, तर ती फसते. झायलाझिन नावाचे औषध जनावरांच्या दवाखान्यात गुरांना गुंगी आणण्यासाठी टोचतात. तेही अमेरिकेत फेंटानिलमध्ये मिसळले जाऊ लागले, आणि त्यासाठी वेगळी पट्टी लागते. म्हणून पट्टीबरोबर नालोक्सोन हे उताऱ्याचे औषध हवे, सोबतीला माणूस हवा आणि उपचाराचा दरवाजा उघडा हवा. अमेरिकेतले मृत्यू २०२४ मध्ये बरेच घटले, त्याचे श्रेय एकट्या पट्टीला मी देणार नाही.

आता आपल्या गावाकडे येतो. आपल्याकडचे फेंटानिल म्हणजे मिथेनॉल, हातभट्टीच्या दारूत मिसळले जाणारे विषारी अल्कोहोल.

पोळ्याच्या करीचा दिवस होता. दुपारी एक चाळिशीचा माणूस त्याच्या भावाने मोटारसायकलवर मधे बसवून आणला. आदल्या संध्याकाळी तिघांनी मिळून बाटली संपवली होती. "डोयासमोर निस्तं धुकं दिसून राह्यलं, भाऊ," एवढेच तो परत परत म्हणत होता. पिण्याआधी त्यांनी तपासले होते, हे मला विसरता येत नाही. बाटलीच्या झाकणात थोडी दारू ओतून काडी लावली होती आणि ज्योत निळी आली होती. ही परीक्षा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पण मिथेनॉलही निळेच जळते. वासाने किंवा चवीनेही ते ओळखू येत नाही. पोटात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या नसा जाळते, तेही बहुधा अर्ध्या-एक दिवसानंतर, जेव्हा पिणाऱ्याला वाटते की नेहमीसारखीच उतरली.

मी भावाला विचारले, बाटली कुठे आहे? ती त्याने येताना नाल्यात फेकली होती. दारूबंदीच्या जिल्ह्यात बाटली घेऊन दवाखान्यात कसा येणार, असे त्यालाच वाटले होते, आणि त्याचे चूक होते असे मी म्हणू शकलो नाही. माणूस वाचला, दृष्टी गेली. बाटली हाती असती, ती तिथेच तपासता आली असती, तर त्याच भट्टीची दारू त्या संध्याकाळी आणखी कोणी पिऊ नये म्हणून गावात दवंडी देता आली असती. मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसे गेली, तमिळनाडूत कल्लकुरिचीला २०२४ मध्ये साठाहून अधिक. पहिला रुग्ण आणि शेवटचा रुग्ण यांच्यातला वेळ हाच अशा प्रसंगी खरा उतारा असतो.

म्हणून मला दोन गोष्टी मागायच्या आहेत. १९८५ चा एनडीपीएस कायदा, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा, केंद्राचा आहे. स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला त्याच्या कलम ६४-अ मध्ये आजही संरक्षण आहे, आणि सुईने नशा करणाऱ्यांना स्वच्छ सुया देण्याचा कार्यक्रम राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना वर्षानुवर्षे राबवते आहे. तेव्हा मान्यताप्राप्त केंद्रात तपासणीसाठी नमुना आणणे हा गुन्हा नाही, एवढी भर त्या कायद्यात घालणे परक्या विचाराचे नाही. दारूबंदीचा कायदा मात्र राज्याचा आहे. दरवर्षी हिवाळी अधिवेशनाला सरकार नागपूरला येते. ग्रामीण रुग्णालयात मिथेनॉलची रासायनिक चाचणी व्हावी आणि उरलेली दारू तपासणीला आणणाऱ्यावर दारूबंदीचा गुन्हा लागू नये, ही तरतूद तिथे मांडता येईल. आपल्या आमदारांना ती मागा. भट्टी लावणाऱ्यावरची कारवाई याने तसूभरही सैल होत नाही. उलट विष कोणत्या भट्टीतून आले याचा पुरावाच हाती येतो.

कायदा बदलेपर्यंतचे सांगतो. पिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी धूसर दिसू लागले, पोटात दुखू लागले, श्वास जोरात चालू लागला, तर लिंबूपाणी पाजत बसू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. ज्यांनी सोबत घेतली त्यांनाही, त्रास नसला तरी, घेऊन या. विषबाधेची नोंद पोलिसांकडे जाते, हे मी लपवत नाही, पण डॉक्टरांचे पहिले काम उपचाराचे असते. आणि बाटलीत तळाशी दोन थेंब जरी उरले असतील, तरी ती नाल्यात टाकू नका, झाकण घट्ट लावून सोबत आणा.